लाल ताफ्याची बाजू

विजयकुमार प्रभुदेसाई बँकेतून निवृत्त झाल्यावर मुलाकडे टोकियोला, फुनाबोरीत काही महिने राहायला आले आणि आठवड्याभरात त्यांनी घरातलं एक खातं स्वतःकडे घेतलं. कचऱ्याचं. जळणारा कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, हे त्यांना मुलापेक्षा चांगलं पाठ झालं.

एका गुरुवारी रद्दी खाली ठेवायला गेलेले विजयकुमार स्वतःच एक गठ्ठा घेऊन वर आले.

"बाबा, हे काय?" सुनेने, चारुताने विचारलं.

"मासिकं. दोरी बघ कशी बांधलीय. आपल्याकडे आहेरसुद्धा इतका नीट बांधत नाहीत."

"अहो, पण इथे कचऱ्यातलं उचलत नाहीत. कुणी पाहिलं का?"

"एक आजीबाई होत्या. मी वाकून नमस्कार केला, त्यांनीही केला."

पुढच्या गुरुवारी गठ्ठा परत ठेवायचा, असं ठरलं. तोवर चाळायला काय हरकत होती? मासिकं १९८३-८४ सालची होती आणि त्यांत अंतराळयुद्धाच्या पटावरच्या खेळांशिवाय काहीही नव्हतं. ना सिनेमा, ना राशिभविष्य. एका अंकाच्या मधोमध एक अख्खा खेळच होता: काळ्या आकाशावर षटकोनी घरं आखलेला घडीचा पट आणि जाड कागदावर छापलेल्या लाल-निळ्या जहाजांच्या सोंगट्या. त्या कुणी कापून सुट्या केलेल्याच नव्हत्या. बँकेच्या क्लबात वर्षानुवर्षं ब्रिज खेळलेल्या माणसाचे डोळे चमकले.

"नियम वाचून दाखवतेस?"

चारुता जपानी ग्राहक आणि पुण्यातली टीम यांच्यात दिवसभर दुभाषाचं काम करायची. घरी आल्यावर जपानी अक्षरं नकोशी व्हायची. तरी ती बसली.

"जहाजाला एकदा वेग दिला की ते आपोआप थांबत नाही. थांबवायचं तर उलट्या दिशेला जोर लावायचा."

"म्हणजे आमच्या सोसायटीच्या कमिटीसारखं," विजयकुमार म्हणाले.

मूळ सोंगट्यांना हात न लावता चारुताने कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, चोवीस तास उघड्या दुकानात जाऊन झेरॉक्स काढली आणि कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावर चिकटवून कापली. जेवणानंतर डाव सुरू झाले. शशांक, तिचा नवरा, सोफ्यावर मॅच बघत बसायचा. तोपर्यंत सासरा-सुनेचं बोलणं चहा आणि रक्तदाबाच्या गोळ्या यांपलीकडे फारसं गेलं नव्हतं. आता चारुता ऑफिसमधून येतानाच गाडीत चाली ठरवायला लागली. तिच्याकडे लाल ताफा असायचा: छोटी, चपळ, पण जवळूनच मारा करू शकणारी जहाजं. निळी मोठी आणि लांबून मारणारी. ती दर वेळी हरायची. एकदा बाजू बदलून पाहिल्या, तेव्हा बाबा हरले.

"लाल बाजू जिंकूच शकत नाही," त्यांनी निकाल दिला. "छापणाऱ्यांचं चुकलंय."

गुरुवार येऊन गेला. गठ्ठा काही खाली गेला नाही.

मग लिफ्टमध्ये एक चिठ्ठी लागली. पाचव्या मजल्यावरच्या हायाकावांची जुनी मासिकं चुकून रद्दीत गेली होती, कुणाला दिसली असल्यास कृपया कळवावं. चारुताचे कान तापले. त्याच संध्याकाळी बेसनाच्या लाडवांचा डबा आणि गठ्ठा घेऊन दोघं पाचव्या मजल्यावर गेली.

हायाकावा सत्तरीचे, उंच, अबोल गृहस्थ होते. २०११ च्या भूकंपात कपाट आडवं झालं, तेव्हापासून ही मासिकं खोक्यातच होती, म्हणून नको असतील असं बायकोला वाटलं, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी तो अंक उघडला, सोंगट्यांचा कागद उजेडात धरला आणि श्वास सोडला.

"आम्ही झेरॉक्स काढून खेळलो," चारुताने मान खाली घालून कबूल केलं. "माफ करा."

"खेळलात?" हायाकावा म्हणाले. "कसा आहे खेळ?"

तिला प्रश्न कळेना. मग त्यांनी सांगितलं की बरोबर खेळणारा मित्र तो अंक निघाला तेव्हाच बदली होऊन गेला आणि हा खेळ राहूनच गेला. नियम मात्र त्यांना पाठ होते.

विजयकुमारांनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"खेळ कसा आहे विचारतायत."

"सांग त्यांना, लाल बाजू जिंकूच शकत नाही."

तिने जरा सौम्य करून सांगितलं. हायाकावांनी शांतपणे चष्मा पुसला. "जिंकू शकते," ते म्हणाले.

रविवारी दुपारी हायाकावांच्या टेबलावर पट उलगडला. चारुता मधे बसली. तिसऱ्या चालीला हायाकावांनी लाल जहाज थेट निळ्याच्या पुढ्यात नेलं आणि तिथून क्षेपणास्त्र सोडलं.

"असं चालणार नाही," विजयकुमार म्हणाले. "मारा आधी, मग हलायचं. सांग त्यांना."

हायाकावांनी नियमाच्या एका ओळीवर बोट ठेवलं. चारुताने वाचलं. पुन्हा वाचलं.

"बाबा, 'हलल्यानंतर' आहे. मी 'हलण्याआधी' वाचलं."

"तू? जपानीची एवढी परीक्षा पास झालेली?"

"हो."

"म्हणजे मी तुला इतक्या वेळा हरवलं..."

"ते सगळे डाव रद्द."

काय झालं ते तिने हायाकावांना सांगितलं, तेव्हा तो अबोल माणूस खांदे हलेपर्यंत हसला. लाल ताफा दणदणीत जिंकला. विजयकुमारांनी तिथल्या तिथे पुढचा रविवार मागून घेतला. त्यानंतर दोघांना दुभाषाची फारशी गरज पडली नाही. एक मराठीत कुरकुरायचा, दुसरा जपानीत, आणि हायाकावांची बायको लाडू कसे करतात ते चारुताला विचारत बसायची.

विजयकुमार मुंबईला परतले, त्यानंतरच्या रविवारी चारुता पाचव्या मजल्यावर गेली. सासरे परत गेले, इतके दिवस आभारी आहोत, एवढं दारातच सांगून निघायचं असं तिने ठरवलं होतं. आत पाहिलं तर टेबलावर पट मांडून ठेवलेला. सवयीने मांडला असावा. हायाकावा जरा अवघडून उभे राहिले.

"तुम्हाला वेळ नसेल," ते म्हणाले.

चारुताने चपला काढल्या, आत जाऊन खुर्ची ओढली आणि लाल जहाजं आपल्याकडे घेतली.