नातवाची भाषा

लेकीचा मुलगा परदेशात वाढला, त्याला आजीची भाषा येईना. म्हणून लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या आजीनेच त्याची भाषा शिकायला घेतली. कामापुढे मान वर करायला सवड नसायची, तेव्हा ती शर्टागणिक एकेक शब्द घोकायची. लेकीला मात्र तिने पत्ता लागू दिला नव्हता.

रविवारी व्हिडिओ कॉल आला. आजी तोंड उघडणार, तोच नातू त्याच्या भाषेत आईवर वैतागला, "हिच्याशी दरवेळी का बोलायचं? कंटाळा येतो मला."

आपलंच ऐकण्यात चुकलं असेल, या आशेने आजीने लेकीला विचारलं, "काय म्हणतोय गं?"

"तुझी आठवण येते म्हणतोय, आई."

"गुणाचं गं माझं बाळ!" आजी हसून म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिला रडू आवरेना.