हनुवटीपाशी

घरात मला भिंगरी म्हणतात. एका जागी बसणं मला जमत नाही, आणि गप्प बसणं तर त्याहून नाही. अशा बाईला नोकरी कुठली मिळावी? त्वचेच्या दवाखान्यात, लाइटच्या मशीनवर! अर्धा-अर्धा तास लोकांच्या चेहऱ्यावर वाकून, हात जराही न हलवता. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, "तुझं तोंड चालू असतं ना, म्हणून हात स्थिर राहतो." असेल बाई.

तर माझा दादा. मोठ्या लॉन्ड्रीत वाफेच्या इस्त्रीवर होता, दिवसभर हॉस्पिटलच्या चादरी दाबायचा. आणि प्यायचा. उगाच झाकून काय ठेवायचं, चांगला भरपूर प्यायचा. वहिनी सात वर्षं सहन करत राहिली आणि एक दिवस लेकीला घेऊन माहेरी गेली. जाताना म्हणाली, "सोडलीत तर तुमच्या तोंडावरच दिसेल मला. त्या दिवशी येईन."

दादाने सोडली. म्हणजे तो म्हणाला, सोडली. पण मेलं तोंड ऐकेल तर ना! नाक, दोन्ही गाल, हनुवटी, सगळं लालबुंद, वर बारीक पुटकुळ्या. तीन महिन्यांनी वहिनी बघायला आली. दारातच तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खांद्यावरची पर्सही न काढता आल्या पावली परत गेली. मी असली भडकले! अगं, एक शब्द तरी विचारायचास! पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. तिला कुठल्या तोंडाने बोलणार?

दुसऱ्याच दिवशी दादाला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "हा रोझेशिया, कातडीचा आजार. आयुष्यात थेंब न घेतलेल्यांनाही होतो. दारूने वाढतो, तसा उन्हाने, वाफेनेही वाढतो. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून राहिल्यात. पुटकुळ्यांना मलम देते, लालीला लाइट देऊ. प्रकाश रक्तात शोषला जातो, त्या उष्णतेने वाहिन्या बंद पडतात. चार वेळा यावं लागेल, दर चार आठवड्यांनी. आणि आधी ती वाफ सोडा."

दादाने मुकादमाला सांगून इस्त्री सोडली, घड्या घालायला बसला. मशीनवर मी होतेच.

पहिल्या दिवशी दादाला आडवा केला, डोळ्यांवर काळ्या वाट्या बसवल्या, तोंडावर गार जेल थापलं. "रबर ताणून सोडल्यासारखं लागेल. ओरडलास तर आईला सांगेन."

"आई जाऊन दहा वर्षं झाली."

"मग सुटलास. एक, दोन, तीन..."

फट्! दादा पाट्यासारखा ताठ झाला. दुसरा झटका, तिसरा. जळक्या केसाचा वास आला. मी बडबडतच होते, शेजारणीची मांजर, डॉक्टरीणबाईंची नवी गाडी, काय वाट्टेल ते. नाक झालं, गाल झाले, हळूहळू हनुवटीपाशी आले.

आणि मी मास्क नाकाखाली सरकवला.

सांगायला लाज वाटते, पण वास घेतला मी. सख्ख्या भावाच्या तोंडाचा. त्याचे डोळे झाकलेले, त्याला दिसणार कसं? माझं नाक त्याच्या ओठांपासून वीतभरसुद्धा लांब नव्हतं. चहाचा वास आला, बाकी काही नाही. मी मास्क वर केला आणि उरलेले झटके दिले. पण संध्याकाळपर्यंत माझं कशातच लक्ष लागेना. आज नसेल प्यायला, काल? इथे येणार म्हणून मुद्दाम नसेल घेतली? एकदा तर रिकाम्या खोलीत मशीनच चालू करून बसले. वहिनीच्या नावाने मी बोटं मोडत होते, आणि माझ्या मनात तरी काय वेगळं होतं?

दुसऱ्या वेळीही वास घेतला. तिसऱ्या वेळी तर ऐन वेळी फोन करून त्याची वेळ बदलली, जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच ये म्हटलं, बेसावध सापडेल म्हणून. आला बिचारा धावतपळत. कांद्याचा वास आला. चौथ्या वेळीही काही नाही. तरी जीव थाऱ्यावर येईना.

चेहरा मात्र खरंच निवळला. प्रत्येक वेळी दोन दिवस सुजून आणखी लाल व्हायचा, मग थोडा उतरायचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हा मुळापासून जात नाही हं. उन्हात गेलात, चिडलात, लाजलात, तर लाली येणार." पण एरवी बघावं तर दादा अगदी कॉलेजातला वाटायला लागला.

चौथ्या बैठकीनंतर दहा दिवसांनी वहिनी पुन्हा आली. दादाने मला आधीच बोलावून ठेवलं होतं. मी त्याच्या त्या दोन खोल्यांत इतक्या येरझाऱ्या घातल्या की तो म्हणाला, "अगं, फरशी झिजेल."

वहिनी आली. या वेळी आत आली, खुर्चीत बसली. दादाकडे बघत राहिली. दादा खिडकीशी उभा, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा. मला वाटलं, आता उठेल, आता म्हणेल, चला, लेकीला घेऊन येऊ. मी चहा ठेवायला उठले, बसले, पुन्हा उठले.

"वन्सं," वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "छान केलंत तुम्ही. पण आता मी कशावरून ओळखू? पूर्वी निदान तोंड लाल व्हायचं, मला कळायचं. तेही तुम्ही पुसून टाकलंत."

खरंच की! वहिनीची एकमेव खूण मी स्वतःच्या हाताने, मोजून चार वेळा बसून, मिटवली होती.

"तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर येते मी. सोडली आहे ना?"

दादा माझ्याकडे बघत होता. हो म्हणायला काय जात होतं? पण नुसतं हो म्हटलं असतं तर तिने का मानावं? नवऱ्याच्या बहिणीचं हो! शेवटी जे होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"मी दर वेळी वास घेतलाय, वहिनी. मशीनवर, मास्क खाली करून, त्याच्या नकळत. चारही वेळा. एकदाही आला नाही."

दादाकडे बघायची माझी हिंमत होईना. आपल्याच घरात चोरी करताना सापडावं तसं झालं.

"नकळत कसलं?" दादा म्हणाला. "सगळीकडे तुझी टकळी चालू. हनुवटीपाशी आलीस की गप्प. तू, आणि गप्प! आंधळ्यालाही कळलं असतं."

"मग बोलला का नाहीस?"

"लॉन्ड्रीच्या समोरच्या दवाखान्यात हेच मशीन आहे, भिंगरे. दोन बस बदलून तुझ्याकडे येत होतो मी. कुणीतरी जवळ येऊन बघावं म्हणून."

मी तिथेच मटकन बसले आणि रडायला लागले.

वहिनी उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती बुटकी, दादा उंच. "वाका जरा," ती म्हणाली. तो वाकला. माझ्यादेखत, उघडपणे, तिने नाक त्याच्या तोंडापाशी नेलं आणि खोल श्वास घेतला. एकदा, दोनदा. दादा लाजेने कानापर्यंत लाल झाला, नाक, गाल, हनुवटी, पूर्वीसारखाच लालभडक.

वहिनी मागे सरली नाही.