गाईच्या मलमाची डबी

मी एक जुनी पत्र्याची डबी आहे, आणि माझ्या झाकणावरच्या गाईची शपथ घेऊन सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं बोलले तर तळापासून गंज चढो मला. मित्रांनो, बाथरूमच्या फळीवरच्या काचेच्या बरण्यांनी अशी शपथ घेतलेली कधी ऐकलीत? नाही ना? त्यांची टापच नाही.

माझ्यात असतं गाईच्या कासेचं मलम. धार काढून झाली की सडांना चोळायचं, म्हणजे वाऱ्याने कातडी फुटत नाही. रंग पिवळट, वास जवळजवळ नाहीच, आणि स्वस्त इतकं की विकणाऱ्यालाच लाज वाटावी. कारखान्यात ठोकून ठोकून मला घडवलं आणि झाकणावर एक गाय काढली. काढणाऱ्याने जन्मात गाय बघितली नसावी. तिचं तोंड थेट आमच्या पाद्रीबाबांवर गेलंय.

फेन्नाने मला आणलं तेव्हा ती नवी नवरी होती. तिचा गोठा समुद्राच्या बांधाला लागून. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ओस्टफ्रीसलँडचा वारा तो! इतका कोरडा, की आमच्या कोंबड्या सुरकुतलेली अंडी घालायच्या. हसू नका, शपथ घेतलीय मी. फेन्ना मला लाकडी चमच्यानेच उकरायची, मळका हात कुणाला घालू द्यायची नाही. रिकामी झाले की उकळत्या पाण्याने धुऊन पुन्हा भरायची. गाईंचं झालं की चमच्याला उरलेलं स्वतःच्या हातांना. तिचा नवरा ओन्नो तेच चोरून नाकाला लावायचा. नाक असं चमकायचं, की होड्या दीपगृह समजून आमच्या अंगणाकडे वळायच्या. काय मान होता तेव्हा मला!

मग ओन्नो गेला. गाई विकल्या, दोनच उरल्या. मी गोठ्याच्या खिडकीत, जिथून अंगणही दिसतं आणि घरातलं चहाचं टेबलही, आणि माझ्या डोक्यावर गंजक्या खिळ्यांचं डबडं. कुणी साधं पुसलंसुद्धा नाही.

आणि घरात सून आली. इन्सा. पोरगी गुणाची, कामाने सुईण. आसपासच्या गावांतली निम्मी पोरं तिच्याच हातात पहिल्यांदा रडली. पण कातडी बिचारीची कांद्याच्या पापुद्र्यासारखी. कोरडी, आणि जरा काही लागलं की लालबुंद. त्यात दिवसभर साबणाने हात धुवायचे. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, चिरांतून रक्त यायला लागलं.

डॉक्टरने तिला सरळ सांगितलं होतं, बिनवासाचं, साधं, चोपडं काहीतरी लाव. पण साधं म्हटलं की माणसांना ऐकूच येत नाही. तिने महागड्या क्रीमच्या बरण्या आणल्या. जाड बुडाच्या, सोनेरी टोपणांच्या, आणि आत माल बघाल तर चिमणीचं पोट भरायचं नाही. एकीत गुलाब, एकीत लिंबू, एकीवर नुसतंच ‘सौम्य’ लिहिलेलं. सौम्य म्हणे! ती लावली की इन्सा हात झटकत अंगणभर फिरायची. मी खिडकीतून बघायची.

शेवटी दवाखान्यातल्या मोठ्या सुईणबाईंनी तिला कामावरून थांबवलं. म्हणाल्या, उघड्या चिरांच्या हातांनी बाळाला शिवायचं नाही, भरल्याशिवाय येऊ नकोस. इन्साला ते पटलं, पण ऐकून ती रडली, कारण शेजारच्या फोल्काचे दिवस भरत आले होते. फोल्काचं आधीचं मूल हाती लागलं नव्हतं. यावेळी तिने एकच धोशा लावला होता, इन्सा असेल तरच माझ्यात धीर राहील.

फेन्ना म्हणाली, गोठ्यातली डबी घे की.

“आई, ते गाईचं आहे,” इन्सा म्हणाली.

बघा! अख्खं आयुष्य त्या गाईच्या दुधावर, लोण्यावर आणि सायीवर, आणि मलम तेवढं गाईचं.

फेन्नाने वाद घातला नाही. ती बाई वाद घालते तेव्हा कमी धोकादायक असते. दुसऱ्या दिवशी तिने मला चुलीशी नेलं, गुलाबवाली बरणी रिकामी करून उकळत्या पाण्याने धुतली, आणि माझ्यातलं मलम त्या नकटीच्या पोटात भरलं. वर सोनेरी टोपण. मला काय वाटलं असेल विचार करा. नवरी मी, आणि मिरवणार ती!

इन्सा रोज हात धुतले की ओलसर असतानाच त्या बरणीतलं लावायची, झोपताना वर सुती मोजे. आधी आग थांबली. मग चिरा मिटत आल्या. ती खूश होऊन म्हणाली, वास उडाला वाटतं, पण गुण आला शेवटी या बरणीला. मी खिळ्यांच्या डबड्याखाली धुमसत होते.

आणि मग बरण्या विकणारी लीब्रेष्टबाई चहाला आली. बाई दक्षिणेकडची, श्टुटगार्टची. हिच्या अंगाला असा वास की आमच्या दोन्ही गाईंनी माना फिरवल्या. इन्साचे हात बघून ती फुलून गेली. तिने पिशवीतून आणखी बरण्या काढल्या, दुप्पट गुलाबाच्या. म्हणाली, आता याच लाव, काम फत्ते. इन्साने लगेच एक उचलली. ते लावलं की हात पुन्हा फुटणार, आणि फोल्काचं बाळंतपण तर आज-उद्यावर.

फेन्नाने चहा ओतला. खडीसाखर तडतडली, वर सायीचा ढग. बाईने कप संपवला, चमचा बशीत ठेवला. फेन्नाने पुन्हा ओतला. बाईने संपवला, चमचा बशीत. पुन्हा. आता आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, नको असेल तर चमचा कपात ठेवायचा. बशीत चमचा म्हणजे अजून हवाय. पण बाईला हे कोण सांगणार? पुरे म्हटलं तर फेन्ना हसून म्हणायची, लाजू नका. आणि भरलेला कप टाकून उठणं बाईच्या सभ्यतेत बसेना. तीन कप आमची रीत. त्यानंतरचे मी मोजले नाहीत, पण बाई खुर्चीत डुलायला लागली, अशी डुलायला लागली की भिंतीवरच्या ओन्नोच्या तसबिरीनेही मान हलवली.

“आजी, हा चहा थांबतो कसा हो?” शेवटी तिने रडवेल्या आवाजात विचारलं.

“सांगते ना. आधी तुम्ही सांगा, या बरणीत काय आहे?” म्हणत फेन्नाने इन्साची रोजची बरणी पुढे केली.

बाईने टोपण काढलं, डोळे मिटून हुंगलं. म्हणाली, आमचाच गुलाब, डोंगरातला, पहाटे खुडलेला, मी तर झोपेतही ओळखेन.

फेन्ना उठली, गोठ्यात आली, खिळे बाजूला सारले आणि मला फडक्याने पुसून चहाच्या टेबलावर ठेवलं. सायीच्या भांड्याशेजारी! मग म्हणाली, “पोरी, एक बोट यात घाल, एक त्यात.”

इन्साने घातलं. दोन्ही बोटं चोळली, हुंगली, पुन्हा चोळली. सासूकडे बघितलं. फेन्ना खडीसाखर निवडण्यात गर्क. बाईने मला पाहिलं, माझ्या झाकणावरची गाय पाहिली, आणि तिच्या गालावर खरा गुलाब उमलला.

नवी बरणी इन्साने बाईच्या पिशवीत परत ठेवली. मग बशीतला चमचा उचलला आणि बाईच्या कपात ठेवला.

“हा असा थांबतो,” ती म्हणाली. “पुरे झालं.”

बाई अशी धावली की तिची उडालेली टोपी बांधावरच्या मेंढीने घातली.

चार दिवसांनी मोठ्या सुईणबाईंनी इन्साचे हात उलटसुलट करून बघितले आणि जा म्हणाल्या. फोल्काला मुलगी झाली. इन्साने तिला मऊ हातांनी उचललं, आणि ती पोरगी एवढ्या मोठ्याने रडली की फोल्का हसायलाच लागली. त्या दिवसापासून मी बैठकीच्या कपाटात आहे, खडीसाखरेच्या चांदीच्या चिमट्याशेजारी, मखमलीवर.

तर मित्रांनो, कातडी कोरडी नि नाजूक असेल तर बिनवासाचं, साधं काहीतरी शोधा, ओलसर हाताला लावा, आणि बरणीच्या टोपणावर भाळू नका. आणि काम झालं की झाकण लावा. माश्या येतात.

बरं, एक कबूल करते, तळाला जरा खाज सुटलीय म्हणून. मखमल खोटी. मी आहे तिथेच आहे, गोठ्याच्या खिडकीत, आणि ते खिळ्यांचं डबडं पुन्हा माझ्या डोक्यावर. पण इन्सा कामाला निघताना रोज ते उचलून बाजूला ठेवते. ते खरं आहे. आणि मेंढीची टोपीही.