मास्तरांचा गुडघा

शिंपी मास्तर सकाळी उठले की आधी बूट घालत आणि मग चहा मागत. त्या बुटांच्या टाचा तीन इंच उंच होत्या आणि हे त्यांच्या बायकोशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. पँटचे पाय त्यांनी असे बेताने शिवले होते की टाच दिसायची नाही. तेवढंही जमत नसेल तर शिंपी कसला?

दुकानात मात्र पाटी होती, ‘माप बूट काढून द्यावे’. मापात खोटं चालत नाही, असं मास्तर येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत.

सध्या दुकानाच्या निम्म्या जागेत फळ्यांवर नाट्यगृहाचा नवा मखमली पडदा पसरला होता. चार महिन्यांचं काम. पंधरा दिवसांनी तो लागायचा होता आणि मास्तर शब्द देऊन बसले होते. हलवायचा तर सहा माणसं लागत, आणि भिजला तर मखमल गेलीच म्हणून समजा.

अशात मास्तरांच्या मेहुणीने पुराच्या सूचनेचा फळा लिहिला. ती पूर-कचेरीत होती. पूर्वी कचेरीची सूचना यायची ती पाणी उंबऱ्याला लागल्यावर, म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणा. आता नवीन गणितं आली होती आणि ती बारा-बारा दिवस आधी सांगायची. आगाऊ अंदाज देते म्हणून गल्लीने तिला आगाऊबाई केलं. जीभही तशीच होती, त्यामुळे नाव अगदी अंगासरसं बसलं. गेल्या वर्षी तिने पूर सांगितला, मास्तरांनी कापडाचे तागे माळ्यावर चढवले आणि पाणी काही आलं नाही. मास्तर अजून कंबर चोळत तिचा उद्धार करायचे.

“भावजी, दहात चार म्हटलं होतं मी,” ती म्हणायची. “उरलेल्या सहांत तुमचं नशीब निघालं, तर माझ्यावर का डाफरता?”

यंदा फळ्यावर होतं, ‘बारा दिवसांनी गल्लीत गुडघाभर पाणी. शक्यता दहात सहा.’ आकडे नकोत, लोकांना कळेल असं लिहा, हा साहेबांचा हुकूम. लोकांना सगळं कळलं, फक्त गुडघा कोणाचा ते कळेना. पोस्टमनचे पाय शिडीसारखे, औषधवाल्याचा गुडघा जमिनीला टेकायला आलेला. पाच दिवस दुकानात भांडण चाललं. शेवटी पोस्टमनने तिलाच फोन लावला.

“भावजींचा,” ती म्हणाली. “त्यांच्या पडद्याची काळजी वाटत होती, म्हणून लिहिताना तेच डोळ्यापुढे होते.”

गल्लीचा जीव भांड्यात पडला. मास्तर आतल्या खोलीत गेले, कडी लावली, नियमाप्रमाणे बूट काढले आणि टेप लावली. सतरा इंच. बाहेर येऊन त्यांनी भिंतीवर खडूने खूण केली. लोकांनी त्या खुणेवरून सुतळ्या कापून नेल्या आणि घरोघरी पलंग, पोती, कपाटं तेवढ्या उंचीवर चढली. मास्तरांनी पडद्याखाली अठरा इंच विटा रचल्या, एक इंच पदरचा. मेहुणीने आपल्याला आजवर बुटांतच पाहिलंय, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्या दिवशी अक्कल खरोखरच गुडघ्यात होती आणि तिथून वर सरकत नव्हती.

अकराव्या दिवशी मेहुणी पाहणीला आली आणि खुणेपुढे थबकली.

“हा कोणाचा गुडघा?”

“माझाच.”

“कसं शक्य आहे? गणितात वीस इंच आले होते. तुमचा गुडघा या स्टुलाच्या कडेला लागतो आणि स्टूल वीस इंच आहे.”

“म्हणजे बाईंचं पुन्हा चुकलं,” पोस्टमन म्हणाला. जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मास्तरांनी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. मेहुणी वही उघडून आपलंच गणित पुन्हा तपासू लागली होती, असं ती एरवी कधी करत नसे. मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं. त्यांना इतकी लाज वाटली की कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मग ते स्टुलावर बसले, नाड्या सोडल्या आणि अनवाणी उभे राहिले. पँटचे पाय जमिनीवर गोळा झाले. बायको छताकडे बघू लागली.

“मास्तर,” पोस्टमन म्हणाला, “गेलात कुठे तुम्ही?”

दुकान हसून हसून लोळलं.

“हसून घ्या,” मास्तर म्हणाले, “आणि मग विटा आणा. हिचं गणित बरोबर आहे, गुडघा खोटा होता. सगळ्यांनी तीन इंच चढवा.”

सहा जणांनी आधी मास्तरांचा पडदा उचलला, मग आपापली घरं गाठली. दुसऱ्या दिवशी पाणी आलं आणि साडेएकोणीस इंचांवर थांबलं. पडदा ठरल्या दिवशी लागला, झालरीचा दोराही ओला नव्हता. बारा दिवसांतले पाच भांडणात आणि सहा चुकीच्या विटांवर गेले, तरी एक दिवस उरला होता आणि तेवढा पुरला.

पुढच्या पावसाळ्यात मास्तर चपला घालून फळा वाचायला गेले. मेहुणीने लिहिलं होतं, ‘अंदाजे पाणी: एक मास्तरी गुडघा, बुटांसकट. शक्यता दहात सात.’ खाली साहेबांची सही होती.

मास्तर घरी आले आणि त्यांनी बायकोकडे माळ्यावरचे बूट मागितले.

“आता कशाला?” बायको म्हणाली.

“सरकारी माप आहे ते,” मास्तर म्हणाले. “पुसून ठेवायला नको?”