डावीकडची स्प्रिंग

मी एक तपकिरी सोफा. या, बसा, फक्त डाव्या बाजूला बसू नका. तिथली स्प्रिंग वर आलीय आणि ती पाहुण्यांचा मुलाहिजा ठेवत नाही.

माझी पहिली मालकीण दंतवैद्याची बायको. तिनं मला प्लास्टिकच्या कव्हरात इतकी वर्षं ठेवलं, की माणसाचा स्पर्श कसा असतो हे मला ठाऊकच नव्हतं. मग तिनं पडदे निळे केले, मी त्यांना शोभेनासा झालो आणि जड कचऱ्याच्या दिवसांत तिनं मला फुटपाथवर मांडलं.

आमच्याकडे वर्षातून एकदा कौन्सिलची गाडी जुनं सामान उचलून नेते. त्याआधी ते दारोदार बाहेर पडलेलं असतं आणि जो उचलेल त्याचं. यात कुणालाच लाज वाटत नाही. मेले तरी दान घेणार नाहीत असे लोक फुटपाथवरचा दिवा काखोटीला मारून ऐटीत घरी जातात. मला उचललं डोरीन पास्कोनं. आमच्या बॅलारॅट गावात ती बेघरांसाठी निवारा चालवायची. तिच्या ऑफिसात माझी स्थापना झाली.

माझं प्लास्टिकातलं सोवळं पहिल्याच आठवड्यात सुटलं. नोकरी गेलेले, नवऱ्याला सोडून आलेल्या, तुरुंगातून सुटलेले, सगळे माझ्यावर बसून गेले. एकदा माझ्या फटीत कवळी सापडली, तर तिच्यावर दोघांनी हक्क सांगितला! संडास तुंबला, टोस्ट जळून अलार्म वाजला, कुणाचं घोरणं कुणाला सोसेना, की सगळे डोरीनच्या दारात. "मी काय तुमची आई आहे?" असं ओरडत ती उठायची आणि आईसारखीच धावायची.

जरा सवड मिळाली की ती माझ्यावर आडवी व्हायची. फोन छातीवर, पायात बूट तसेच. आत्ता कुणी दार ठोठावेल, म्हणून. कधी उशीत तोंड खुपसून रडायचीही. मी कुणाला बोललो नाही. पण इथून घर मिळून गेलेला एक जण लॅमिंग्टन केक घेऊन भेटायला आला, तेव्हा तिनं तो माझ्यावर बसून एकटीनं फस्त केला आणि आठवडाभर गुणगुणत राहिली. त्या केकवरचा खोबऱ्याचा कीस अजून माझ्या शिवणीत आहे.

एकच माणूस तिला पुरून उरला. मर्व्ह टली, जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरलेला म्हातारा. डोरीननं खटपट करून त्याला सरकारी खोली मिळवून दिली, तर हा किल्ली खिशात घालून निवाऱ्यातच ठाण मांडून बसला.

"जा ना रे म्हाताऱ्या! शुक्रवारपर्यंत गेला नाहीस तर खोली दुसऱ्याला देतील."

"जाऊन बसू कशावर? जमिनीवर?"

"सामान देते की मी. चर्चवाल्यांकडे आहे."

"मर्व्ह टली भीक घेत नाही, बाईसाहेब."

"आणि माझं सूप तीन-तीन वाट्या ओरपतोस ते?"

"ते तुझ्यावर उपकार. दुसरं कोण पितं ते?"

सगळे हसले. डोरीन हसली नाही. तो घाबरलाय हे तिला कळत होतं, मलाही. इतकी वर्षं उघड्यावर काढलेल्या माणसाला चार भिंतींत एकट्यानं राहायची धास्ती वाटते.

गुरुवारी सकाळी तिनं मला फरफटत फुटपाथवर नेऊन ठेवलं आणि मागं वळूनही पाहिलं नाही. मला फार लागलं. इतके हिवाळे या बाईचा भार सोसला, तिची आसवं पोटात घातली, त्याचं हे फळ!

मर्व्ह बाहेर आला तो नेमका डावीकडे बसला. "आई गं!" पण उठला नाही. तेवढ्यात एक पिकअप थांबली आणि तरणाबांड गडी उतरला.

"काका, उठा. सोफा न्यायचाय."

"मी बसलोय, दिसत नाही?"

"तुमचा आहे?"

"आता आहे."

"मग घरी न्या की. घर आहे का?"

मर्व्ह माझ्या कडेपर्यंत पुढं सरकला. आता हा उठणार, असंच मला वाटलं. पण त्यानं खिशातून किल्ली काढली आणि त्या पोराच्या नाकासमोर धरली.

"आहे! आणि गाडी थांबवलीच आहेस तर धर ते टोक."

पिकअप निघाली तेव्हा मला दिसलं, ऑफिसच्या पडद्याआड डोरीन उभी होती, तोंडावर दोन्ही हात दाबून. आणि अख्ख्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाचंच सामान नव्हतं. जड कचऱ्याची गाडी यायला अजून बरेच दिवस होते! तेव्हा कुठं माझ्या कापसात प्रकाश पडला.

आता मी मर्व्हच्या खिडकीशी असतो. आज दुपारी डोरीन आली.

"उजवीकडे बस. डावी बाजू माझी," मर्व्हनं बजावलं. "चहा मी करतो."

"अरे, मी करते ना."

"बस म्हटलं ना! घर माझं आहे."

ती बसली. "सोफा छान आहे रे. कुठून आणलास?"

"फुटपाथवर सापडला. काय काय टाकून देतात लोक! अक्कल म्हणून नाही."

"नाहीच," डोरीन म्हणाली.

तो चहा करायला गेला. तिचा फोन वाजला, तसा तो आतून परत आला आणि फोन उचलून घेऊन गेला. "डोरीनला सुट्टी आहे. संडास तुंबलाय तर पंप जिन्याखाली आहे," असं त्यानं दरडावलेलं मला ऐकू आलं.

मग डोरीननं वाकून नाड्या सोडल्या आणि बूट काढले. इतक्या वर्षांत तिचे मोजे मी पहिल्यांदा पाहिले. एक निळा होता, एक राखाडी.

तेव्हा विनंती एवढीच, तुमचं काही काम असेल तर दार जरा हळू वाजवा. बाई झोपल्यात.