कपाटामागची ओल आणि माझी किंमत

मी तिसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला फ्लॅट बोलतोय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाल्कनी. वय वर्षं एकतीस. लिफ्ट नाही, पण वारा असा येतो की पंखे नुसते शोभेला. थोडा मिजासखोर आहे मी, आधीच सांगून ठेवतो.

पहिल्यापासून एकच कुटुंब माझ्यात नांदलं. आईबाबा गेले आणि मी दोघांच्या वाट्याला आलो, दादाच्या आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या. चाळिशी उलटली तरी घरात ती चिमणीच. दादा अजून माझ्यातच राहतो. ठरलं असं, की माझी आजची किंमत काढायची आणि दादाने कर्ज काढून चिमणीला तिचा अर्धा वाटा द्यायचा. किंमत फार चढली तर मात्र कर्ज पुरणार नाही. मग मला विकायचं. म्हणजे मी परक्याच्या ताब्यात!

गेल्या महिन्यात मूल्यांकन करणारे साहेब आले. दादाला गप्प बसायला काय झालं होतं? पण हा पडला इलेक्ट्रिशियन, माझं सगळं वायरिंग त्याच्या हातचं. "साहेब, हे बटण दाबून बघा! अशी फिटिंग अख्ख्या बिल्डिंगमध्ये नाही!" स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेत होता बिचारा. आणि मीही छाती फुगवून उभा. कौतुक कुणाला नको असतं?

साहेबांच्या टेपचं टोक मोडलेलं. त्यामुळे ते दहाच्या खुणेपासून मोजत आणि नंतर दहा सेंटिमीटर वजा करत. दादाच्या बडबडीत हॉलचे दहा वजा करायचे राहिले. मी आपला फुकटात ऐसपैस झालो! पण चिमणी शिवणकाम करणारी, टेप कायम गळ्यात.

"साहेब, दहापासून धरलीत. वजा करा की."

पुढे तर तिने कहरच केला. आतल्या खोलीतलं कपाट ओढलं आणि माझी ओल उघडी पाडली. वर आणखी, "बाथरूमचा पाइप गळतो, तेही लिहा." अगं, माझ्यात लहानाची मोठी झालीस ना? परक्या माणसासमोर माझी अब्रू काढतेस? असा राग आला, की दार धाडकन आपटावंसं वाटलं.

"चिमणे, तुझाच वाटा कमी होईल," दादा कुजबुजला.

"होऊ दे. आहे तेच दाखवतेय, खोटं काय त्यात? आणि किंमत चढली तर तू राहणार कुठे?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फार लाज वाटली मला माझ्या रागाची.

आठ दिवसांनी अहवाल आला. माझ्या मानाने किंमत कमीच, पण कर्जात बसली. दादा कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिला आणि पंख्याखाली बसून घाम पुसत राहिला.

आज कागदांवर सह्या झाल्या. चिमणीने पर्समधून तिची जुनी किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. दादाने ती उचलून परत तिच्या पर्समध्ये टाकली.

"वाटा घेतलाय मी तुझा. किल्ली कुणी मागितली?"

चिमणी रडली, मग हसली, मग म्हणाली, "ओल काढून घे आधी. सुट्टीत मी त्याच खोलीत झोपणार आहे."

सध्या माझे पोपडे खरवडणं चाललंय. गुदगुल्या होतात हो! एक विनंती आहे. तुमच्या घराची किंमत काढायला कुणी आलं, तर कपाट जरूर ओढा. घर चार दिवस रुसेल, पण आमच्या चिमणीची शपथ, नंतर माफ करेल.