म्हशीला पोहायला कोण शिकवतं?

मारुंजीच्या जालिंदरकडे भाड्याच्या खोल्या बावीस आणि म्हैस एक. ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच जन्मली, तिथंच वाढली. भाडेकरूंच्या पोरांनी तिचं नाव चॉकलेट ठेवलेलं. पाणी तिनं आजवर दोनच ठिकाणी पाहिलेलं, बादलीत आणि नळीच्या तोंडाला.

भाडेकरूंच्या गाड्या वाढल्या आणि म्हशीची जागा आटली. सकाळी चॉकलेटला टेम्पोत चढवताना जालिंदरच्या बायकोनं, उज्वलानं, बजावलं, "आज हिला परत आणलीत ना, तर तुमचं हांतरूनबी पार्किंगमधीच टाकीन." उज्वला बोलते ते करते, एवढं ज्ञान जालिंदरला पंधरा वर्षांच्या अनुभवानं मिळालेलं होतं.

रिहे गावचा म्हातारा येसाजी म्हैस घ्यायला तयार होता, पण त्याचं कुरण बंधाऱ्याच्या पाण्यापलीकडं. त्याच्या म्हशी रोज पोहून जायच्या, पोहून यायच्या.

"हिला पवता येतंय का?" त्यानं विचारलं.

"न यायला काय झालं, मामा? माशाच्या पिल्लाला कुनी शिकवतं व्हय?"

"मासा न्हाई, म्हस हाय ही."

"आवो, आईच्या पोटातनंच शिकून येत्यात. रक्तात असतंय ते. माझंच बघा. जन्मात कधी हिरीत उतरलो न्हाई, पर उद्या पडलो तर पवीन का न्हाई?"

"बुडाल," येसाजी म्हणाला. "म्हशीचं बघू. पलीकडं गेली तर माझी. न्हाईतर तुमचा टेम्पो हुबाच हाय."

कुणीतरी एवढी मोठी बादली सांडून ठेवलीय, अशा नजरेनं चॉकलेटनं बंधाऱ्याकडं पाहिलं. मग सरळ आत शिरली, नाकपुड्या वर काढल्या आणि तरंगत निघाली.

जालिंदरनं मांडीवर थाप मारली. "बगा! कुटं क्लास लावला व्हता हिला?"

मधोमध गेल्यावर मात्र चॉकलेट गोल फिरायला लागली, पार्किंगमधल्या खांबाभोवती फिरावी तशी. येसाजी बोटांवर फेऱ्या मोजत होता. सात झाल्या.

"पवती झ्याक," तो म्हणाला. "पर जायचं कुटं, त्ये काय पोटातनं शिकून आली न्हाई."

जालिंदरच्या डोळ्यांपुढं दोन बुलेटींच्या मधे पसरलेलं स्वतःचं अंथरूण आलं. तो टॉवेल हलवत, "हुर्र! हुर्र!" ओरडत काठाशी धावला. काठाला शेवाळ. पुढचं पाऊल थेट पाण्यातच पडलं.

पिढ्यानपिढ्यांच्या रक्तानं त्याला त्या घटकेला एकच गोष्ट शिकवली, बोंबलणं. दोन गटांगळ्या खाल्ल्या. तेवढ्यात आठव्या फेरीला काठाजवळ आलेल्या चॉकलेटची शेपटी हाताला लागली, ती त्यानं दोन्ही मुठींनी आवळली. चॉकलेट भेदरली, गोल फिरणं विसरली आणि नाकासमोर उधळली, ती जालिंदरला ओढत थेट पलीकडच्या काठावर.

बंधाऱ्याच्या हातभर रुंद भिंतीवरून येसाजी सावकाश चालत आला.

"म्हस पास."

"म्हनलं न्हवतं?" जालिंदर खोकत म्हणाला. "रक्तात असतंय!"

"तिच्या हाय. तुमच्या न्हाई."

"मग शेपटी धरायला मला कुनी शिकवलं?"

येसाजीनं डोकं खाजवलं.

"त्ये मातर खरं हाय," तो म्हणाला. "पर आता सोडायचं शिका, पाव्हनं. म्हस माझी झाली."